भरलेली बाटली परत का आली?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. माझी भाची आठवडाभर आमच्याकडे कागलला आली होती. ती नववीत शिकते. एके दिवशी सकाळी आम्ही मामा-भाची कोल्हापूरला निघालो. कागलहून कोल्हापूर सुमारे २० किलोमीटर. तिला कंपासपेटी व काही पुस्तके घ्यायची होती, अंबाबाईचे दर्शन घ्यायचे होते आणि रंकाळ्यावर भेळ खायची होती. निघताना तिच्या मामीने लिटरभर पाण्याची बाटली भरून पिशवीत ठेवली. संध्याकाळी घरी येऊन पिशवी रिकामी केली, तर बाटली गळ्यापर्यंत भरलेली!

"काय गं, दिवसभर पाणी प्यायली नाहीस?" मामीने विचारले.

"मुद्दामच नाही प्याले. पाणी प्यालं की जायला लागतंय. आणि जायचं कुठं?"

मामी काहीच बोलली नाही. नंतर मला कळले, की बाहेर पडताना तीही गेली वीस वर्षे हेच करते. माझी आईही तेच करीत असे. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. द्रवाचा दाब, हवेचा प्रवाह, वक्रनलिका हे माझे रोजचे विषय. पण माझ्याच घरातली ही भरलेली बाटली मला कधी दिसली नव्हती. पुरुषाला शहरात ही अडचण फारशी जाणवत नाही. तो भिंतीचा आडोसा घेऊन मोकळा होतो, आणि त्याचे त्याला काही वाटतही नाही.

आधी शरीराचा हिशेब पाहू. आपली दोन मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि त्यातला बहुतेक सगळा पुन्हा रक्तात घेतात. उरते ते साधारण दीड लिटर मूत्र. त्याला २४ तासांनी भागले, तर ताशी ६० मिलिलिटरच्या आसपास. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात ४०० ते ५०० मिलिलिटर मूत्र मावते. ते निम्म्याच्या आसपास भरले, की मेंदूकडे पहिली वर्दी जाते. म्हणजे घरून निघाल्यावर तीन-चार तासांत पहिली वर्दी आणि सहा-सात तासांत निकड. कोल्हापूरची एक साधी फेरीही एवढी चालते!

मग पाणीच न प्यायल्यास मूत्र तयार व्हायचे थांबेल काय? मुळीच नाही. शरीरात तयार होणारा युरिया आणि जादा क्षार बाहेर टाकण्यासाठी मूत्रपिंडांना दिवसाला निदान अर्धा लिटर पाणी लागतेच. ते बाहेरून आले नाही, तर रक्तातून आणि पेशींतून घेतले जाते. मूत्र गडद व दाट होते, तोंडाला कोरड पडते, डोके दुखते. दाट मूत्रात खडे लवकर धरतात. शिवाय आणखी एक गोष्ट आहे. बाहेरून मूत्रमार्गात शिरलेले जंतू एरवी वाहत्या मूत्राबरोबर धुऊन जातात. दिवसभर धुणेच झाले नाही, तर त्यांना वाढायला सवड मिळते. पुरुषाचा मूत्रमार्ग सुमारे २० सेंटिमीटर लांब असतो, तर स्त्रीचा अवघा ४ सेंटिमीटर. जंतूंना मूत्राशयापर्यंतचा प्रवास तेवढा जवळचा. म्हणून मूत्रमार्गाच्या दाहाचा त्रास स्त्रियांना कितीतरी अधिक होतो. मामीला तो दोनदा झाला आहे, हे मला ठाऊक होते. बाटलीशी त्याचा संबंध मी जोडला नव्हता, इतकेच.

दोन दिवसांनी मी भाचीला म्हटले, "चल, आज पुन्हा कोल्हापूरला जाऊ. आज खरेदी नाही. आज फक्त स्वच्छतागृहे पाहायची. मी पुरुषांच्या बाजूला जाईन, तू बायकांच्या. मग टिपणे ताडून पाहू." ती आधी हसली, मग वही घेऊन निघाली.

दोन वास, दोन दोष

पहिले स्वच्छतागृह बाजारपेठेतले. तेथे पोचण्याआधीच त्याचा पत्ता नाकाने सांगितला. दारातल्या माणसाला मी विचारले, "अहो, एवढा वास कसा?" तो म्हणाला, "वास? कुठाय वास साहेब?"

तो थट्टा करीत नव्हता, आणि खोटेही बोलत नव्हता. एकच वास सतत येत राहिला, की काही मिनिटांतच आपले नाक आणि मेंदू त्याची दखल घेणे सोडून देतात. अत्तराच्या दुकानदाराला अत्तराचा वास येत नाही, तसेच हे. तेव्हा स्वच्छतागृहाची परीक्षा पहिल्या श्वासालाच करायची. तिसऱ्या मिनिटाला तुमचेही नाक साक्ष फिरवते.

पण नाक एवढ्यावरच थांबत नाही. वास कोणत्या जातीचा आहे हे ओळखता आले, तर कोठे बिघडले आहे तेही कळते. ताज्या मूत्राला फारसा वास नसतो. त्यातील युरियावर जंतूंचे युरिएज नावाचे विकर काम करू लागले, की युरियाचे विघटन होऊन अमोनिया व कार्बन डायऑक्साइड तयार होतात. नाकात झिणझिण्या आणणारा, डोळ्यांना चुरचुरणारा वास आला, तर तो अमोनियाचा. त्याचा अर्थ, येथे वेळेवर पाणी पडत नाही. दुसरा वास कुजलेल्या अंड्याचा. तो हायड्रोजन सल्फाइडचा. हवेच्या अब्ज भागांत या वायूचे थोडेसे भाग असले तरी आपले नाक त्याला पकडते. हा वायू जमिनीखालच्या गटारात आणि मैलाटाकीत तयार होतो. तो वर खोलीत आला, याचा अर्थ वाटेवरचा पहारेकरी गैरहजर आहे.

हा पहारेकरी कोण? पाच सेंटिमीटर पाणी!

घरी बेसिनखाली वाकून पाहा. पाइप सरळ खाली न जाता एक वळसा घेतो. संडासाच्या भांड्याखालीही असाच वाकडा भाग असतो. त्या वळणात नेहमी थोडे पाणी साठून राहते. मैला आणि पाणी त्यातून पलीकडे जाऊ शकतात. पलीकडचा वायू मात्र पाणी ओलांडून इकडे येऊ शकत नाही. ना झडप, ना स्प्रिंग, ना हलणारा एकही भाग. लंडनमध्ये राहणारा अलेक्झांडर कमिंग नावाचा एक स्कॉटिश घड्याळजी होता. त्याने १७७५ साली अशा वळणाचे पेटंट घेतले. चाके आणि स्प्रिंगा यांत आयुष्य घालवलेल्या माणसाने एकही चाक नसलेले यंत्र शोधावे, ही गंमतच म्हणायची. अडीचशे वर्षे झाली, त्याहून सोपे काही अजून कोणाला सुचलेले नाही.

या पहारेकऱ्याचे बळ किती? पाण्याच्या १ सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाचा दाब सुमारे ९८ पास्कल, म्हणून ५ सेंटिमीटरचा ४९० पास्कल. वातावरणाचा दाब सुमारे १ लाख पास्कल असतो. म्हणजे पलीकडे हवेचा दाब अर्ध्या टक्क्याने जरी घटला, तरी वळणातले पाणी तिकडे ओढले जाऊ शकते. असे प्रत्यक्षात घडते. वरच्या मजल्यावरून पाण्याचा लोंढा उभ्या पाइपातून खाली येताना दट्ट्याप्रमाणे पुढची हवा ढकलतो व मागची विरळ करतो. त्या ओढीने खालच्या मजल्यावरचे वळण 'गुळुक' असा आवाज करून रिकामे होते. म्हणून उभ्या पाइपाला हवा खेळती ठेवणारी नळी जोडून ती गच्चीच्या वर नेलेली असते. कधी कधी दुरुस्तीच्या वेळी तिचे तोंड सिमेंटने लिंपून टाकतात, "उगाच पाऊस आत जातोय" म्हणून. मग सगळी इमारत वासाने हैराण होते आणि दोष फिनेलला दिला जातो.

हा प्रयोग घरी करून पाहण्यासारखा आहे. एक मीटर लांबीची पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवा, तळाशी रंगीत पाणी भरा आणि एका तोंडाने हलकेच हवा ओढा. किती थोड्या ओढीने पाणी वर चढते ते पाहा. जोराने ओढू नका, नाही तर रंगीत पाणी तोंडात येईल.

भाचीच्या टिपणात एक चमत्कारिक नोंद होती. बायकांच्या बाजूला तीन संडास होते, त्यांतल्या एकाला कुलूप. "तो खराब होऊ नये म्हणून बंद ठेवलाय," असे तिला सांगण्यात आले. आणि कुजक्या अंड्याचा वास नेमका त्याच दाराच्या फटीतून येत होता! न वापरलेला संडास सर्वांत स्वच्छ असेल, असे आपल्याला वाटते. पण वळणातले पाणी रोज थोडे थोडे वाफ होऊन उडते. उन्हाळ्यात काही आठवड्यांत वळण कोरडे पडते आणि गटाराचे दार सताड उघडते. मोरीच्या कोपऱ्यातल्या जाळीखालच्या नहाणी ट्रॅपचेही असेच होते. सुट्टीवरून घरी परतल्यावर बंद घराला येणारा वास आठवा. यावर उपाय एकच, तांब्याभर पाणी. मी तसे सुचवले, तेव्हा त्या माणसाने किल्ली साहेबांकडे असल्याचे सांगितले.

पांढरा थर आणि एक धोक्याची सूचना

अमोनियाच्या वासामागेही एक रसायन लपलेले आहे. मुतारीच्या भांड्यावर पिवळट-पांढरा खरखरीत थर तुम्ही पाहिला असेल. अमोनियामुळे मूत्र अल्कधर्मी बनते आणि मग त्यात विरघळलेले कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे फॉस्फेट क्षार घट्ट होऊन भांड्याला चिकटतात. बोअरचे कठीण पाणी वापरले, तर त्या पाण्यातले क्षारही त्यात भर घालतात. या थराच्या बारीक छिद्रांत जंतू सुरक्षित राहतात. वरून कितीही पाणी ओता, की सुवासिक गोळ्या टाका, थर आहे तोवर वास पुन्हा येणारच. हा थर आम्लात विरघळतो. म्हणून सफाई कामगार आठवड्यातून एकदा तरी आम्ल वापरतात. मात्र आम्ल आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र येऊ देऊ नये. त्यांतून क्लोरीन हा विषारी वायू बाहेर पडतो; बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो. घरी आईला मदत करताना हे लक्षात असू द्या. दोन औषधे मिसळली म्हणजे दुप्पट सफाई, असे नसते.

हवेचे गणित थोडक्यात सांगतो. खोलीतली हवा बाहेरच्यापेक्षा ५ अंशांनी उबदार असेल आणि खालच्या फटीपासून वरच्या झरोक्यापर्यंतची उंची ३ मीटर असेल, तर उबदार हवा वर चढण्याचा जोर सुमारे अर्धा पास्कल येतो. पाण्याच्या पहाऱ्याच्या मानाने हा नगण्यच. पण दिवसरात्र फुकट चालतो. अट एवढीच, की वरचा झरोका आणि दाराखालची फट दोन्ही मोकळी हवीत. पुष्कळ ठिकाणी दाराखाली पत्रा ठोकून फट बुजवतात. आडोशासाठी ते करतात, हे मला समजते. पण मग ती हवा भिंतीत खाली जाळी ठेवून तरी आत आणायला हवी.

रांग का वाढते?

दुपारी आम्ही एका बसस्थानकावर गेलो. पुरुषांच्या बाजूला मी गेलो आणि दोन मिनिटांत बाहेर आलो. बायकांच्या बाजूला रांग दाराबाहेर आलेली. भाची पंचवीस मिनिटांनी आली, तीही चिडून. "मामा, बायका एवढा वेळ का लावतात म्हणून बाहेर एक काका हसत होते."

खरेच, वेळ कशात जातो? अमेरिकेत अटलांटा येथील शास्त्रज्ञांनी प्राणिसंग्रहालयातील प्राण्यांचे निरीक्षण करून २०१४ साली एक मजेदार निष्कर्ष प्रसिद्ध केला. तीन किलोपेक्षा अधिक वजनाच्या सस्तन प्राण्यांना मूत्राशय रिकामे करायला साधारण २१ सेकंद लागतात, मग तो कुत्रा असो की १८ लिटरचे मूत्राशय असलेला हत्ती. कारण पदार्थविज्ञानाचे आहे. प्राणी मोठा, तसा मूत्रमार्ग लांब व रुंद. नळी जितकी उभी व लांब, तितका गुरुत्वाकर्षणाचा जोर अधिक आणि प्रवाह वेगवान. या कामासाठी त्यांना २०१५ साली 'इग नोबेल' हे आधी हसवणारे व मग विचार करायला लावणारे पारितोषिक मिळाले.

म्हणजे निसर्गाने बाईला जास्त वेळ लावलेला नाही. दार उघडणे, कडी लावणे, कडी नसेल तर दार एका हाताने धरून ठेवणे, पिशवी टांगायला खिळा शोधणे, साडी किंवा ओढणी ओल्या फरशीपासून वाचवणे, लहान मुलाला सांभाळणे, यांत वेळ जातो. पाळीच्या दिवसांत तो आणखी लागतो. बाहेर हसणाऱ्या काकांना यातले काहीच करावे लागत नाही.

आता आकडे मांडू. समजा, पुरुषाला ४० सेकंद लागतात व बाईला ९०. जागा दोघांना सारखीच दिली आहे. पुरुषांच्या बाजूला त्या जागेत ५ मुताऱ्या व २ संडास बसतात. बायकांच्या बाजूला ३ संडास. दहा मिनिटांत पुरुषांच्या एका जागेवर १५ जण उरकतात, म्हणून ७ जागांवर १०५. बायकांच्या एका संडासात दहा मिनिटांत ६ ते ७, म्हणून तिन्हींत मिळून २०. चौरस फूट दोघांना सारखे, पण सोय पाचपट कमी! एस.टी. दहा मिनिटे थांबते आणि तीतून २० बायका उतरल्या, तर कशीबशी वेळ निभते. त्याच वेळी दुसरी बस आली, तर निम्म्या बायका तशाच परत जाऊन बसतात.

रांगेचा आणखी एक खोडसाळ गुण आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग या गणितज्ञाने १९०९ साली टेलिफोनच्या जोडण्यांचा अभ्यास करून या गणिताचा पाया घातला. माणसे अनियमितपणे येत असतील आणि दार एकच असेल, तर एक साधे सूत्र वापरता येते. दार एकूण वेळाच्या जितका भाग अडलेले असेल, त्या भागाला रिकाम्या वेळाच्या भागाने भागायचे. तेवढी माणसे सरासरीने तेथे आढळतात. दार निम्मा वेळ अडलेले असेल, तर १. ऐंशी टक्के वेळ, तर ४. नव्वद टक्के, तर ९. पंचाण्णव टक्के, तर १९! शेवटच्या टप्प्यात गर्दी थोडीशी वाढते आणि रांग दुप्पट होते. उलटही खरे आहे. नव्वद टक्के अडलेल्या दाराचे काम दुप्पट वेगाने उरकू लागले, तर नऊच्या जागी सरासरी एक माणूसही उरत नाही. आमच्या कागलला गैबी पिराच्या उरुसात किंवा कोल्हापुरात नवरात्रात काय होत असेल, याचा अंदाज आता तुम्हीच करा. आणि कुलूप लावलेला तो तिसरा संडास किती महागात पडतो तेही पाहा.

गणितच मांडायचे, तर पैशाचेही मांडू. १८५१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील महाप्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्ज याने लोकांसाठी स्वच्छतागृहे उभारली आणि एक पेनी दर ठेवला. ८ लाख २७ हजार २८० लोकांनी ती पेनी दिली. आपल्याकडे बिंदेश्वर पाठक यांनी १९७० साली सुरू केलेल्या 'सुलभ'ने १९७४ मध्ये पाटण्यात पैसे देऊन वापरायचे सार्वजनिक शौचालय चालू केले. पुढे 'सुलभ' हा शब्द मराठीत सामान्यनामच झाला. पैशामुळे तेथे झाडायला माणूस राहतो, हे खरे. पण मुंबईत असा प्रकार होता, की पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे. त्याविरुद्ध २०११ साली तेथील स्त्री-संघटनांनी 'राइट टू पी' ही चळवळ उभारली. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी'च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली, स्त्रियांसाठी रस्त्यावर स्वच्छ स्वच्छतागृहे पुरवणे हे महापालिकांचे कर्तव्य असल्याचे सांगितले. पुण्यातच २०१६ साली मोडीत निघालेल्या जुन्या बसगाड्यांत स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे सुरू झाली.

झाडणाऱ्या माणसाचा विषय निघाला म्हणून आमच्या जवळचेच एक नाव सांगतो. कोल्हापूरहून फोंडा घाट उतरला, की कणकवली लागते. तेथे अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९४८ साली गोपुरी आश्रम सुरू केला. मैल्याला हात न लावता त्याचे खत व्हावे असे संडास त्यांनी तेथे बनवले. त्याआधी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात मैलासफाईचे काम आपल्याला मिळावे म्हणून त्यांनी उपोषण केले होते, आणि येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास केला. अप्पासाहेब एम.ए. होते. दारातल्या माणसाला "वास कसा?" असे विचारून मोकळा झालेला मी एम.एस्सी. आहे, हे परतीच्या बसमध्ये माझ्या मनात आल्यावाचून राहिले नाही.

त्या दिवशी आम्ही एकूण पाच ठिकाणे पाहिली. त्यांतली दोन खरोखर चांगली निघाली: एक पैसे घेणारे आणि एक महामार्गावरच्या पेट्रोल पंपावरचे. पंपावर पिण्याचे पाणी, चाकात भरायची हवा आणि स्वच्छतागृह फुकट द्यायचे असते, असा तेल कंपन्यांचा नियम आहे. ग्राहक नसलात तरी विचारायला संकोच करू नका. फोनमधील नकाशावरही हल्ली जवळचे स्वच्छतागृह शोधता येते. मात्र नकाशा कडीबद्दल काही सांगत नाही.

भाचीने वहीच्या मागच्या पानावर यादी केली आहे. ठिकाण, वास (अमोनिया की अंडे), पाणी, झरोका, कडी, खिळा, रांग असे रकाने. सुट्टी संपून परत जाताना तिने ते पान फाडून मामीला दिले. आमच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी ते लावलेले आहे. मागच्या महिन्यात मामी कोल्हापूरला एकटीच जाऊन आली. बाटली पाऊण रिकामी होती. चौथ्या ओळीसमोर तिने पेन्सिलीने लिहिले आहे: "कडी बसवली. खिळा अजून नाही."